स्वमग्न आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वर्गाची घडी कशी बसवावी

स्वमग्न (ऑटिस्टिक) मूल वर्गात आले की बहुतेक शिक्षकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो या मुलाला कसे बदलावे हा. या लेखात सुरुवात दुसऱ्या बाजूने केली आहे: आधी वर्गाचा दिवस, बसण्याची जागा आणि आपले बोलणे बदलावे, आणि त्यानंतरही जे उरेल तेवढ्यासाठीच मुलाकडून बदलाची अपेक्षा करावी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अनेक शाळा द्विशिक्षकी आहेत, एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, विशेष शिक्षक गट साधन केंद्रातून अधूनमधूनच येऊ शकतात, आणि थेरपीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे तर पालकांची दिवसाची मजुरी बुडते. म्हणून येथे सुचवलेल्या गोष्टी वर्गशिक्षकाला पुठ्ठा, खडू, दोरी आणि थोडी आधीची तयारी यांवर एकट्याने करता येतील अशाच निवडल्या आहेत.

यात उपकाराचा भाग नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार नोंदवले आहेत आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) हे त्यांत येतात. या कायद्याच्या कलम 16 नुसार मुलाला भेदभाव न करता प्रवेश देणे आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे ही शाळेची जबाबदारी आहे. ज्या मुलाचे दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाणित झाले आहे, त्याला कलम 31 प्रमाणे वयाच्या 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘हे मूल आमच्या शाळेत बसणार नाही’ असे मुख्याध्यापकांनी पालकांना सांगणे कायद्यात बसत नाही.

नाव देण्याआधी पाहावे

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतील भिन्नता आहे. ती लसीमुळे होत नाही, आईच्या दुर्लक्षामुळे होत नाही आणि मोबाइल काढून घेतला की ती जाते हा समजही चुकीचा आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. त्यानंतर काही दशके आईच्या कोरडेपणाला दोष देण्याची लाट आली आणि ती खोटी ठरली. गावपातळीवर मात्र आजही आईलाच बोल लावला जातो, तेव्हा शिक्षकाने तरी त्यात भर घालू नये.

वर्गात दिसणारी चिन्हे साधारण अशी असतात: नावाने हाक मारल्यावर मूल वळत नाही, बोट दाखवून आपल्याला काही दाखवत नाही, खेळण्याचे किंवा पेनाचे एकच अंग तासन्‌तास फिरवत बसते, ठरलेला क्रम मोडला की अस्वस्थ होते, काही आवाजांनी कान झाकते. परंतु दोन स्वमग्न मुले एकसारखी नसतात. एक मूल अजिबात बोलत नाही, तर दुसरे भुसावळवरून जाणाऱ्या गाड्यांची नावे आणि वेळा घडाघडा सांगते, पण ‘मला लघवीला जायचे आहे’ हे सांगू शकत नाही.

खान्देशात येथे एक खबरदारी घ्यावी लागते, आणि माझ्या मते तीच सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी किंवा धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून येणारे मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, नवापूरकडचे मावची बोलते, अमळनेर-साक्रीकडचे अहिराणी बोलते, तर रावेर-यावलकडचे लेवा गणबोली बोलते. असे मूल पहिलीत प्रमाण मराठीतल्या सूचनेला प्रतिसाद देत नाही, गप्प बसते, शिक्षकाच्या नजरेला नजर देत नाही. यातील बरेचसे गप्प राहणे हे भाषेचे आणि संकोचाचे असते, स्वमग्नतेचे नसते. फरक ओळखायचा असेल तर मधल्या सुट्टीत पाहावे. भाषेमुळे गप्प असलेले मूल आपल्या पाड्यावरच्या सोबत्यांशी बोलते, हातवारे करते, दुसऱ्याचा खेळ पाहून त्यात शिरते आणि काही नवीन दिसले तर सोबत्याला ओढून दाखवते. स्वमग्न मुलाला हीच देवाणघेवाण त्याच्या घरच्या भाषेतही अवघड जाते. म्हणून निष्कर्षाआधी घरच्या भाषेत हाक मारून पाहावी. ‘इकडे ये’ला जे मूल वळत नाही ते ‘आठे ये’ला वळते का, हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

याच्या उलट चूकही होते. मुलाला बोलायला उशीर होत आहे म्हणून पालकांना ‘घरी अहिराणी बंद करा, फक्त शुद्ध मराठी बोला’ असा सल्ला दिला जातो. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते असे अभ्यासांत आढळलेले नाही. आणि आई ज्या भाषेत सहज बोलते, लाड करते, रागावते, तीच बंद केली तर मुलाशी बोलणारे एकमेव माणूसही अवघडून जाते. घरची बोली चालू ठेवावी आणि शाळेतले ठरावीक शब्द, उदाहरणार्थ पाणी, बस, थांब, मदत, दोन्ही भाषांत शिकवावेत.

निरीक्षण एका साध्या वहीत तीन रकाने आखून ठेवावे: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर काय झाले. ‘आज खूप त्रास दिला’ ही नोंद निरुपयोगी असते. ‘परिपाठात माइक सुरू झाला, कान झाकून पळाला, वर्गात एकटा बसू दिले, शांत झाला’ या नोंदीतून पुढचे पाऊल सापडते. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक वेळा एखादी वेळ, जागा किंवा व्यक्ती पुन्हा पुन्हा दिसू लागते. ही वही राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळा तपासणीला येते तेव्हा समोर ठेवावी. हा कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्यात 18 वर्षांपर्यंतची मुले तपासली जातात आणि पुढील तपासणीसाठी जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था आहे. निदान करणे हे शिक्षकाचे काम नाही. ‘तुमचा मुलगा ऑटिस्टिक आहे’ असे वर्गशिक्षकाने दारात उभे राहून सांगू नये.

दिवसाची चित्रपट्टी

एकच गोष्ट करण्याइतकी सवड असेल तर ही करावी. स्वमग्न मुलाला पुढे काय होणार हे माहीत नसण्याचा त्रास आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी अधिक होतो, आणि वर्गातील बराचसा गोंधळ कृती बदलण्याच्या क्षणी होतो: परिपाठातून वर्गात जाताना, गणिताची वही मिटून भाषेची काढताना, मधली सुट्टी संपताना.

पुठ्ठ्याची एक उभी पट्टी कापावी. तिच्यावर दिवसातील पाच-सहा टप्प्यांची चित्रे क्रमाने लावावीत: परिपाठ, वाचन, गणित, पोषण आहार, खेळ, घरी जाणे. चित्र काढता येत नसेल तर शाळेतल्याच वस्तूंचे फोटो मोबाइलवर काढून छापून घ्यावेत. चित्रातली खिचडी आणि आपल्या शाळेच्या ताटातली खिचडी वेगळी दिसली तर काही मुलांना संबंध लागत नाही, म्हणून फोटो अधिक चांगला. ज्या मुलाला फोटोही कळत नाही त्याच्यासाठी वस्तूच ठेवावी, जसे ताटासाठी चमचा आणि खेळासाठी चेंडू. एक टप्पा झाला की मुलाने स्वतः ते चित्र काढून खालच्या खिशात टाकावे. पट्टी मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या जागेजवळ असावी. मुख्याध्यापकांच्या टेबलामागे शोभेसाठी लावलेली पट्टी काही कामाची नाही.

सहा चित्रे जड जात असतील तर दोनच ठेवावीत, ‘आधी’ आणि ‘मग’. आधी तीन ओळी लेखन, मग पाच मिनिटे मण्यांची माळ. येथे दिलेला शब्द पाळणे आवश्यक आहे. लेखन झाल्यावर ‘आता अजून दोन ओळी’ असे एकदा जरी म्हटले, तरी त्या पट्टीवरचा मुलाचा विश्वास जातो आणि तो परत मिळवायला बरेच दिवस लागतात.

पट्टीचा खरा उपयोग नेहमीचा दिवस मोडतो तेव्हा होतो. आपल्याकडे उन्हाळा तापू लागला की शाळा सकाळची होते. इतर मुलांना याचा आनंद असतो, पण स्वमग्न मुलासाठी उठण्यापासून जेवणापर्यंतचा सगळा क्रम बदलतो. हा बदल होण्याच्या आठवडाभर आधीपासून पट्टीवर वेगळ्या रंगाचे चित्र लावावे, घरी कॅलेंडरवर खूण करायला सांगावी, आणि शक्य असल्यास रविवारी त्या वेळेला मुलाला शाळेच्या फाटकापर्यंत आणून परत नेण्यास पालकांना सुचवावे. पोळ्याची सुट्टी, कानबाईच्या रोटांसाठी घरात जमलेले पाहुणे, 15 ऑगस्टची प्रभातफेरी, सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन आल्यानंतरचा सोमवार, या सर्वांना तोच नियम लागू होतो. अचानक घडणाऱ्या गोष्टींसाठी, म्हणजे शिक्षक रजेवर असणे किंवा पावसामुळे शाळा लवकर सुटणे यांसाठी, ‘बदल’ असे एक कार्ड ठेवावे आणि ते आधी सुखद बदलांच्या वेळी वापरून त्याची ओळख करून द्यावी.

नंदुरबारकडची जी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत किंवा इतरत्र जातात, त्यांचे मूल सोबत जाणार असेल तर पट्टी त्याच्या पिशवीत द्यावी. मूल आजी-आजोबांकडे मागे राहणार असेल तर आई-वडिलांचा फोटो आणि ते परत येण्याच्या महिन्याची खूण पट्टीशेजारी लावावी. परतलेले मूल पुन्हा पहिल्यापासून रुळायला वेळ घेईल हे गृहीत धरावे.

आवाज, ऊन, कापड आणि ताट

पत्र्याच्या छपरावर पडणारा पाऊस, रुळाच्या तुकड्यावर वाजणारी घंटा, परिपाठाचा माइक आणि शेजारच्या इयत्तेचे एकसुरात चाललेले पाढे हे आवाज आपला मेंदू आपोआप मागे ढकलतो. अनेक स्वमग्न मुलांचा मेंदू तसे करू शकत नाही. त्यांना ते सगळे एकाच वेळी, सारख्याच जोराने ऐकू येतात. उलट काही मुलांना आवाज, हालचाल किंवा दाब कमी पडतो आणि ती सतत उड्या मारतात, भिंतीला अंग घासतात. कोणते मूल कोणत्या बाजूचे आहे हे नोंदवहीवरून ठरते.

बसण्याची जागा दारापासून व पंख्याच्या कुरकुरीपासून दूर, शक्यतो भिंतीकडेला, पुढून दुसऱ्या ओळीत असावी, म्हणजे मागून कोणी धक्का देणार नाही आणि पुढच्या मुलाकडे पाहून काय करायचे ते कळेल. समोरची भिंत तक्ते, पताका आणि तोरणांनी भरलेली नसावी. सजवलेला वर्ग तपासणीला छान दिसतो, परंतु या मुलाचे लक्ष त्यातच हरवते. परिपाठात त्याला ओळीच्या शेवटी, माइकपासून लांब उभे करावे. तरीही सहन होत नसेल तर पहिले काही आठवडे शेवटची दोन मिनिटेच सहभागी करून घ्यावे आणि वेळ हळूहळू वाढवावा. घंटा होण्याआधी त्याला खुणेने सांगावे, किंवा घंटा वाजवण्याचे काम त्यालाच द्यावे. स्वतः केलेला आवाज पुष्कळ मुलांना सहन होतो.

ऊन हा आपल्या भागातला वेगळा विषय आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मार्च संपता संपता वर्गखोली भट्टीसारखी तापते, आणि काही स्वमग्न मुलांना तहान किंवा उकाडा जाणवला तरी तो सांगता येत नाही. त्यांना तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी पाणी पाजावे आणि पाण्याचे चित्र पट्टीवरच ठेवावे. दुपारनंतर चिडचिड वाढते अशी नोंद असेल तर तिचे कारण स्वभावात शोधण्याआधी उकाड्यात शोधावे.

नवा गणवेश खळीमुळे टोचतो. तो आधी चार-पाच वेळा धुवावा, मानेजवळची पट्टी उसवावी. पोषण आहारात एकत्र कालवलेली खिचडी जे मूल खात नाही ते साधा भात आणि बाजूला वेगळी उसळ खाऊ शकते. जबरदस्तीने घास भरवू नये. नवा पदार्थ आधी ताटाच्या कडेला फक्त ठेवावा. शौचालयाचा वास, अंधार किंवा बादलीचा आवाज यांमुळे मूल दिवसभर लघवी दाबून ठेवते का, तेही पाहावे.

बोलणे आणि शिकवणे

सूचना लहान, एका वेळी एक आणि होकारार्थी असावी. ‘पळू नकोस’ ऐवजी ‘चाल’, ‘दंगा नको’ ऐवजी ‘हात मांडीवर ठेव’. वर्गाला उद्देशून दिलेली सूचना आपल्यालाही आहे हे या मुलाला उमगत नाही, म्हणून आधी त्याचे नाव घ्यावे. सूचना दिल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे. लगेच तीच सूचना वेगळ्या शब्दांत पुन्हा दिली तर त्याला दोन वेगळ्या सूचना मिळाल्यासारखे होते. ‘कान उघडे ठेव’, ‘डोके खाऊ नकोस’, ‘जरा पाय मोकळे करून ये’ असे बोलणे तो शब्दशः घेईल. नजरेला नजर देण्याची सक्ती करू नये. खिडकीकडे पाहत असतानाच तो नीट ऐकत असू शकतो.

‘पाणी हवे का?’ असे विचारल्यावर मूल ‘पाणी हवे का?’ हेच परत म्हणते तेव्हा ते चेष्टा करत नसते. पुष्कळदा तो होकार असतो. अशा वेळी त्याच्या वतीने योग्य वाक्य म्हणून दाखवावे, ‘मला पाणी हवे’, आणि पाणी द्यावे. तसेच ते मुख्याध्यापकांना ‘तू’ म्हणेल, पाहुण्यांसमोर ‘तुमचे पोट मोठे आहे’ असेही म्हणेल. त्यात उद्धटपणा शोधू नये. न बोलणाऱ्या मुलासाठी पाणी, शौचालय, मदत, दुखते, थांबा, विश्रांती अशी सहा-सात चित्रकार्डे दोरीत ओवून गळ्यात किंवा दप्तराला अडकवावीत. कार्डांमुळे बोलणे येत नाही ही भीती निराधार आहे.

मुलाची आवड हा शिकवण्याचा सरळ रस्ता आहे, ती सोडवण्याचा विषय नाही. गाड्यांमध्ये रमणाऱ्या मुलाला डब्यांच्या बेरजा, दोन स्थानकांमधली अंतरे, सुटण्याच्या वेळा यांवर गणित द्यावे, एस.टी.च्या पाट्यांवरून चोपडा, शिरपूर, शहादा ही नावे वाचायला शिकवता येतात. काम लहान तुकड्यांत द्यावे. वहीचे पूर्ण पान समोर असण्यापेक्षा वरचा अर्धा भाग कागदाने झाकून दोनच उदाहरणे दिसू द्यावीत.

मूल अनावर झाले तर

हट्ट करणारे मूल कोण पाहत आहे याचा अंदाज घेत असते आणि हवे ते मिळाले की थांबते. अनावर झालेले स्वमग्न मूल हवी ती वस्तू हातात दिली तरी थांबू शकत नाही, कारण त्याची सहनशक्ती संपलेली असते. त्याआधी बहुधा सूचना मिळालेली असते: गुणगुणणे वाढते, येरझाऱ्या सुरू होतात, हात कानांकडे जातात. त्याच वेळी ‘विश्रांती’चे कार्ड दाखवून त्याला शांत कोपऱ्यात नेणे हा खरा उपाय आहे. कपाटामागे सतरंजी टाकून असा कोपरा करता येतो; तेथे आवडती एखादी वस्तू आणि किलोभर ज्वारी भरून शिवलेली पिशवी ठेवावी, जी मांडीवर घेतल्याने काही मुलांना बरे वाटते. सर्वांना तिचा उपयोग होत नाही आणि ती कधीही लादू नये. हा कोपरा शिक्षेची जागा कधीच होता कामा नये.

प्रसंग सुरू झालाच तर बोलणे जवळजवळ बंद करावे, इतर मुलांना दुसऱ्या शिक्षकांकडे किंवा व्हरांड्यात पाठवावे, टणक व टोकदार वस्तू बाजूला कराव्यात आणि हातभर अंतरावर थांबावे. मागून धरू नये. ‘का केलेस?’ हा प्रश्न तेव्हाही नको आणि लगेच नंतरही नको. शांत झाल्यावर पाणी द्यावे आणि सोप्या, येणाऱ्या कामाने पुन्हा सुरुवात करावी. कान पकडून उभे करणे, बाकावर उभे करणे, घरी बसवणे यांचा उपयोग तर नाहीच. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार बंदी आहे.

पळून जाणे याहून धोक्याचे आहे. पुष्कळ स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते, आणि आपल्या गावांत उघड्या विहिरी, शेततळी, पाटचाऱ्या, नदीकाठ शाळेपासून फार लांब नसतात; भुसावळ-पाचोरा भागात रेल्वेमार्गही आहे. फाटकाला मुलाच्या हाताला न लागणारी कडी असावी, प्रत्येक सुट्टीत त्याच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी एकाच ठरलेल्या मोठ्या माणसावर असावी, आणि खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक असलेली चिठ्ठी असावी. मूल दिसेनासे झाले तर आधी पाण्याच्या जागा पाहाव्यात, मग घर.

स्वमग्न मुलांमध्ये फिट येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. फिट आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, मानेजवळचे बटण सैल करावे, वेळ मोजावी. तोंडात चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

इतर गरजा

चित्रपट्टी, लहान सूचना आणि कामाचे तुकडे यांचा फायदा इतर बहुतेक मुलांनाही होतो. काही गोष्टी मात्र वेगळ्या आहेत.

अध्ययन अक्षमता असलेले मूल तोंडी उत्तरे चटकन देते, पण वाचताना ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत अडखळते, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येत असल्याने गोंधळते, जोडाक्षर सोडून देते. पहिली-दुसरीत असे अनेकांचे होते. चौथीतही ते तसेच राहिले तर तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत त्याला मोठ्याने वाचायला उभे करू नये, फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी लिहिलेला कागद द्यावा आणि तोंडी परीक्षा घ्यावी. चंचल, एका जागी न बसणाऱ्या मुलाला पंधरा मिनिटांमागे एक उठण्याचे काम द्यावे: खडू आणणे, वह्या वाटणे, माठ भरणे. अवधान कमी असणे आणि अतिचंचलता यांचा 2016 च्या कायद्यातील 21 प्रकारांत स्वतंत्र उल्लेख नाही, त्यामुळे अशा मुलाकडे कागद नसतो आणि शिक्षाच अधिक असतात. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा आहे.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला तेच कौशल्य अनेक दिवस, खऱ्या वस्तूंवर शिकवावे. आठवडे बाजारात वीस रुपयांची भाजी घेऊन सुटे पैसे परत घेणे हे त्याच्या दृष्टीने हातच्याच्या वजाबाकीपेक्षा मोलाचे आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलासमोर फळ्याकडे तोंड करून बोलू नये. कमी दिसणाऱ्यासाठी फळा काळाभोर आणि अक्षरे मोठी असावीत. मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलाचे पाय लोंबकळत राहू नयेत. पायाखाली पाट किंवा विटा ठेवल्या की हाताची पकडही सुधारते.

वर्गातील इतर मुलांना खरे सांगावे, पण आजाराचे नाव न घेता: ‘त्याला मोठा आवाज सहन होत नाही, म्हणून त्याच्या कानाजवळ ओरडायचे नाही.’ सोबती ठरवताना दर आठवड्याला बदलावा, नाहीतर एकाच गुणी मुलीवर त्याचा सगळा भार पडतो.

घरची माणसे

पालकांना शाळेत बोलावले की ते तक्रारच ऐकायला येत आहोत या भावनेने येतात. म्हणून पहिली भेट चांगल्या नोंदीने सुरू करावी: ‘ताई, आज त्याने स्वतःहून पट्टीवरचे चित्र काढले.’ मग विचारावे की घरी तो कशाने शांत होतो, काय खातो, कशाला घाबरतो. ही माहिती कोणत्याही तज्ज्ञापेक्षा आईकडे, आणि पुष्कळ घरांत आजीकडे, अधिक असते. घरात निर्णय आबा किंवा मोठे काका घेत असतील तर त्यांनाही सन्मानाने बोलावून चर्चेत घ्यावे, नाहीतर आईला पटलेली गोष्ट घरी टिकत नाही. भगताकडे किंवा नवसाला जाणाऱ्यांची थट्टा करू नये. मात्र डागणे, उपाशी ठेवणे, महागडी ‘हमखास बरे करणारी’ औषधे घेणे यांविषयी स्पष्ट नकार सांगावा. स्वमग्नता बरी करणारे औषध नाही. शिकवणे, बोलण्याची आणि दैनंदिन कृतींची थेरपी यांनी मूल पुढे जाते.

कागदपत्रे आणि परीक्षा

दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, यासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि तपासणी शासकीय रुग्णालयात होते. स्वमग्नतेचे प्रमाण ठरवण्यासाठी भारतात इसा ही 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, त्यात मुलाच्या रोजच्या वागण्याविषयी प्रश्न असतात. शिक्षकाची तीन रकान्यांची वही पालकांसोबत द्यावी. अनोळखी खोलीत भेदरलेल्या मुलाला पाहून जे कळत नाही ते तिच्यातून कळते. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि ती पालकांना सांगणारे बहुधा शिक्षकच असतात.

दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटे जादा वेळ यांसारख्या सवलती मिळतात. खान्देशातील तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळे प्रमाणपत्राची तयारी आठवीतच सुरू करावी. सवलतीचा सराव नववीच्या चाचण्यांपासून द्यावा, कारण अनोळखी लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. खालच्या इयत्तांत शिक्षकाला पुष्कळ मोकळीक असते: वेगळ्या खोलीत चाचणी, तोंडी उत्तरे, एका पानावर एकच प्रश्न.

पुढच्या शिक्षकांसाठी एक पान

एप्रिलमध्ये निकालाच्या घाईत हे काम राहून जाते, आणि जूनमध्ये नव्या शिक्षकांना सगळे शून्यातून शोधावे लागते. एकाच पानावर लिहावे: मुलाला काय आवडते, काय सहन होत नाही, अनावर होण्याआधी काय दिसते, तेव्हा कशाचा उपयोग होतो, तो कोणती कार्डे वापरतो, घरी कोणाशी बोलायचे आणि कोणत्या भाषेत. बदली झालेल्या शिक्षकांनीही हे पान मुख्याध्यापकांकडे ठेवून जावे. शाळा सुरू होण्याआधीच्या बैठकीत ते नव्या वर्गशिक्षकांच्या हाती द्यावे, आणि इतर मुले नसताना मुलाला नव्या खोलीत एकदा नेऊन त्याची जागा, पाण्याचा माठ आणि पट्टी लावण्याचा खिळा दाखवून आणावा.